वाळक्या झाडाला बांधलेली फांदी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जंगलात सोडून दिलेली दोन भावंडे आणि त्यांना खाऊ पाहणारी चेटकीण यांच्या ‘हॅन्सेल आणि ग्रेटेल’ या परीकथेवर अंगावर काटा आणणारा चित्रपट येऊ घातला आहे, हे आपल्या पुरवणीत वाचले. त्यावरची पत्रेही वाचली. ‘मुलांच्या गोष्टीची नासाडी’ हाच बहुतेक पत्रांचा सूर होता. मी मात्र या चित्रपटाची अगदी आतुरतेने वाट पाहतो आहे.

या गोष्टीत अंधार बाहेरून आणावा लागत नाही. जर्मन लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंनी १८१२ साली आपल्या संग्रहाचा पहिला खंड छापला, तेव्हा मुलांना जंगलात सोडून येण्याचा हट्ट धरणारी बाई त्यांची सख्खी आई होती. १८४०च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. हिमगौरीची दुष्ट राणीही आधी तिची जन्मदातीच होती, तिला १८१९मध्ये सावत्र केले गेले. पोटच्या पोरांशी आई असे वागते, हे संग्राहकांनाच सोसवले नसावे. म्हणजे जिच्या नासाडीची आपल्याला काळजी वाटते, ती गोष्ट आपल्या हाती आली तीच सौम्य होऊन.

तरीही तिच्यात किती उरले आहे पाहा. सुरुवातच टंचाईने होते. घरात पाव नाही, भुकेमुळे मुलांना झोप नाही आणि पलीकडे आईबाप त्यांना कुठे सोडायचे ते ठरवत आहेत. मुले जागी आहेत, सगळे ऐकत आहेत. यापुढे चेटकिणीचे काय मोठेसे?

मला सर्वांत भयंकर वाटते ती एक फांदी. जंगलात शेकोटीपाशी बसलेल्या मुलांना कुऱ्हाडीचे घाव ऐकू येत राहतात. बाबा जवळच लाकडे तोडत आहेत, या भरवशावर ती निर्धास्त झोपी जातात. पण ती कुऱ्हाड नसतेच. बापाने वाळक्या झाडाला एक फांदी बांधून ठेवलेली असते आणि वाऱ्याने ती खोडावर आपटत असते. माझ्या मुलीला ही गोष्ट वाचून दाखवत होतो तेव्हा ती इथेच थांबली. ‘म्हणजे बाबांनी ती मुद्दाम बांधली?’ तिने विचारले. मी हो म्हणालो. ती बराच वेळ काही बोलली नाही. चेटकिणीला भट्टीत ढकलल्यावर मात्र तिने टाळ्या वाजवल्या.

दिग्दर्शकाला माझे एवढेच मागणे आहे: तो आवाज ऐकवा. ठक, ठक, सावकाश, पार्श्वसंगीताशिवाय. प्रेक्षकालाही आधी ती कुऱ्हाडच वाटू द्या.

माझी धास्ती वेगळीच आहे. गडद चित्रपट म्हटला की सगळी चौकट करडी करायची, दर दहा मिनिटांनी कानठळ्या बसवून दचकवायचे आणि चेटकिणीच्या तोंडाला रक्त फासायचे, ही सवय जडली आहे. चेटकिणीचे घर तर हमखास पहिल्या नजरेतच भेसूर दाखवतात. गोष्टीत ते पावाचे आहे, छप्पर केकचे आणि खिडक्या साखरेच्या. उपाशी मुलाला स्वप्नात दिसावे तसे ते घर आहे. ते पाहून आपल्या तोंडाला पाणी सुटले नाही, तर ती दोघे आत का गेली हे कळायचे कसे? आधी तिथे भरपूर उजेड हवा. पिंजऱ्यातला हॅन्सेल अधू नजरेच्या म्हातारीपुढे बोटाऐवजी हाड धरतो, तो प्रसंगही भुकेचाच आहे. तो अजून हडकुळाच आहे असे वाटून ती थांबते, तेवढेच त्याचे दिवस वाढतात.

आणि शेवट. मुले खिसे भरून मोती आणि रत्ने घेऊन परततात, बाप त्यांना कवटाळतो. आई? ती मधल्या काळात मेली, एवढेच गोष्ट सांगते. ती कशाने मेली, बापाने तिला काय सांगितले, मुलांनी तिच्याबद्दल विचारले का, यातले काही नाही. शिवाय ती फांदी ज्याने बांधली, त्याच्याच घरात मुलांना पुन्हा झोपायचे आहे. त्या पहिल्या रात्री बाहेर वारा सुटला तर त्यांना काय ऐकू येईल, हे मला पडद्यावर पाहायचे आहे.

आपला,
एक वाचक