न्यूमोनिया झाला, तरी आई घरी आली : डॉक्टरबाईंना पत्र

आदरणीय डॉक्टरबाई,
स. न. वि. वि.

आई आता काठी टेकत परसापर्यंत जाते, भाकरी मागून घेते. फोनवर हे सांगितलंच, पण चारचौघांत आभार मानायचे होते, म्हणून हे उघड पत्र.

निपाणीत बिड्या वळण्यात आणि तंबाखूच्या वखारीत जिचा जन्म गेला, तिच्या छातीचं तुम्हाला काय सांगायचं! दम्याच्या औषधाला आलेल्या आईला तुम्ही न्यूमोकोकलची, म्हणजे न्यूमोनिया करणाऱ्या एका मुख्य जंतूवरची, लस सुचवलीत, तेव्हा घरात कुरकुर झाली. लहान पोरांना सरकारी दवाखान्यात फुकट मिळते ती लस म्हातारीला विकत कशाला? तुम्ही चिडला नाहीत. छातीचा जुना आजार, साखर, साठी-पासष्टी उलटलेलं वय, अशांच्या न्यूमोनिया जिवावर उठतो, हे समजावलंत. पैसे दोन हप्त्यांत घेतलेत. आधी त्या जंतूच्या तेरा प्रकारांवरची लस, वर्षानं तेवीस प्रकारांवरची, आणि दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर फ्लूची.

आणि स्पष्ट बजावलंत, "लस घेतली म्हणजे न्यूमोनिया होणारच नाही, असं समजू नका. तो कितीतरी जंतूंनी होतो. पण झालाच, तर निभावून जायची शक्यता वाढते." पोकळ आश्वासन दिलं नाहीत, याचं मोल मला श्रावणात कळलं.

आईला ताप फारसा नव्हताच. जेवण तुटलं आणि ती बरळायला लागली. मांडीवर सूप असल्यागत बसून रिकाम्या बोटांनी बिड्या वळत होती. आम्हाला वाटलं, वयामुळं असेल. तुम्ही बोटाला ऑक्सिजनचं यंत्र लावलंत, मिनिटाला श्वास किती ते मोजलंत आणि लगेच बेळगावला न्यायला सांगितलंत. म्हाताऱ्या माणसांत न्यूमोनिया असाही येतो, तापाशिवाय, हे तेव्हा समजलं. संकेश्वर, हत्तरगी, वंटमुरीचा घाट, भर पावसात गाडी चालली होती आणि तुम्ही फोनवर होतात.

तिथल्या डॉक्टरांनी लशींचं विचारलं. तुम्ही मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून दिलेलं कार्ड मी पुढं केलं. नाव, तारीख, सगळं त्यावर होतं. आईला ऑक्सिजन लागला, पण व्हेंटिलेटर लागला नाही.

आता लोक म्हणतात, "लस घेऊनही झालाच की, वायाच गेली." तसं म्हणणाऱ्यांना मी तुम्हीच दाखवलेला अभ्यास सांगते. अमेरिकेत १९९९ ते २००३ दरम्यान न्यूमोनियानं दवाखान्यात भरती झालेल्या ६२,९१८ प्रौढांच्या नोंदी तपासल्या. आधी न्यूमोकोकलची लस घेतल्याची नोंद जेमतेम १२ टक्क्यांची होती. त्यांच्यात दवाखान्यात मृत्यू येण्याची शक्यता इतरांच्या जवळपास निम्मी निघाली, श्वास निकामी होण्याचं प्रमाणही कमी, मुक्कामही दोन दिवसांनी कमी. लस घेणारी माणसं एरवीही तब्येतीला जास्त जपत असतील, तेही हिशेबात धरायला हवं, असं तुम्हीच म्हणाला होतात. आईला नेमकं कशानं तारलं, हे कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. मला एवढं माहीत आहे, की ती लढाईला रिकाम्या हातानं गेली नाही, आणि ते तुमच्यामुळं.

फ्लूच्या लशीला यंदा गल्लीतल्या दोघी मावशींना सोबत आणते. एकीला साखर आहे, दुसरी अजून वखारीत जाते. दोघींचीही कुरकुर आहे. तुम्ही समजावालच.

आपली,
निपाणीच्या एका बिडी कामगार बाईची लेक