कोलॅजेनचा आकडा छापताय, तर तो मोजला कसा तेही छापा

संपादक महोदय,

तुमच्या आरोग्य पुरवणीत त्वचेतलं कोलॅजेन (त्वचेला बळकटी देणारं धाग्यांसारखं प्रोटीन) कॉम्प्युटरवर कसं मोजतात यावर लेख आला, वाचून खूप बरं वाटलं, कारण लॅबच्या आत काय चालतं यावर पेपरात सहसा कोणी लिहीत नाही. मी हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये, म्हणजे शरीरातल्या टिश्यूचे तुकडे मायक्रोस्कोपखाली तपासतात तिथे काम करते, स्लाइड बनवण्यापासून तिचे फोटो मोजेपर्यंत सगळं. लेख चांगलाच आहे, पण आकडा कॉम्प्युटर काढतो म्हणून तो अचूक असतो, असं जे त्यात म्हटलंय ते मला पटलं नाही, म्हणून लिहितेय.

आधी हे सांगते की मी या पद्धतीच्या विरोधात अजिबात नाही. डर्मिस म्हणजे कातडीचा आतला जाड थर, त्यातलं पाणी काढून वजन केलं तर जवळपास ७० ते ७५ टक्के कोलॅजेनच भरतं. भाजल्याचे व्रण, कीलॉइड (जखमेबाहेर वाढलेला जाड व्रण), स्क्लेरोडर्मा (त्वचा कडक होण्याचा आजार), उन्हाने थकलेली त्वचा, या सगळ्यात ते किती आहे आणि कसं रचलेलं आहे हे कळणं महत्त्वाचं असतं. पूर्वी डोळ्यांनी बघून एक प्लस, दोन प्लस, तीन प्लस असं लिहायचे आणि एकाच स्लाइडला दोन डॉक्टर दोन वेगळे ग्रेड द्यायचे. आता इमेजजे सारखं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत तयार झालंय, कोणीही डाउनलोड करावं आणि वापरावं. ही मोठीच सोय आहे.

पण कॅमेऱ्याला कोलॅजेन दिसत नाही हो, त्याला फक्त रंग दिसतो. स्लाइडला आम्ही स्टेन करतो, म्हणजे रंग देतो. मॅसन ट्रायक्रोम नावाचा स्टेन केला तर कोलॅजेन निळं दिसतं (दुसरा डाय वापरला तर हिरवं), पिक्रोसिरियस रेड हा स्टेन केला तर पिवळ्या बॅकग्राउंडवर लाल दिसतं, आणि सॉफ्टवेअर त्या रंगाचे पिक्सेल मोजतं. म्हणजे रंग जिथे जिथे बिघडू शकतो तिथे आकडाही बिघडतो. साधारण ४-५ मायक्रॉनचा सेक्शन, म्हणजे टिश्यूचा पातळ काप, कापतो आम्ही, तो थोडा जाड गेला तर रंग गडद येतो. पिक्रोसिरियसनंतर ॲसिटिक ॲसिड घातलेल्या पाण्यात धुवायचं असतं, साध्या पाण्यात जास्त धुतलं तर लाल रंग निघून जायला लागतो आणि मग कोलॅजेन कमी झाल्यासारखं वाटतं, पेशंटच्या त्वचेत काहीही झालेलं नसताना. म्हणून ट्रीटमेंटच्या आधीची आणि नंतरची स्लाइड एकाच बॅचमध्ये, एकाच दिवशी स्टेन व्हायला हवी. कॅमेऱ्याचं व्हाइट बॅलन्स ऑटोवर असेल तर तोही प्रत्येक फोटोला रंग बदलतो, त्यामुळे ते लॉक करावंच लागतं.

मग येतो थ्रेशोल्ड, म्हणजे किती गडद पिक्सेलला कोलॅजेन म्हणायचं ती सीमा. स्क्रीनवर ० ते २५५ चा स्लायडर असतो. तो थोडा सरकवला की आधी कोरे राहिलेले बारीक धागे भरतात, अजून सरकवला की केसाच्या मुळाभोवतीचा फिकट भागही भरून येतो, आणि खाली टक्केवारी (फोटोतला किती भाग कोलॅजेन) वाढत जाते. फोटो तोच, माणूस तोच, स्लाइड तीच. काही जण म्हणतात की मग ऑटोमॅटिक थ्रेशोल्ड लावा, ओत्सूची १९७९ ची, सीमा आपोआप ठरवणारी पद्धत आहेच, पण ती कुठल्याही फोटोचे दोन भाग पाडतेच, स्लाइडवर कोलॅजेन जवळपास नसलं तरीही पाडते, त्यामुळे निवाडा करायला माणूस लागतोच आणि तो माणूस कुठला पेशंट कुठल्या ग्रुपमधला (ट्रीटमेंट घेतलेल्या की न घेतलेल्या) हे माहीत नसलेला असावा.

आणि टक्के कशाचे? डर्मिसच्या वरच्या पॅपिलरी भागात धागे बारीक आणि विरळ असतात, खालच्या रेटिक्युलर भागात जाड जुड्या असतात, म्हणजे फोटो थोडा खाली घेतला तरी आकडा वाढतो. सूज असेल तर कोलॅजेन तेवढंच राहून मधली मोकळी जागा वाढते आणि टक्केवारी घसरते. घामाच्या ग्रंथी, रक्तवाहिन्या, केसांची मुळं वगळली का हेही सांगायला हवं, आणि एका पेशंटचे दहा फोटो म्हणजे दहा पेशंट नव्हेत हे तर सांगायलाच हवं.

लेखात अजून एक गोष्ट होती जी बऱ्याच रिसर्च पेपर्समध्येही दिसते, की पिक्रोसिरियस केलेल्या स्लाइडवर पोलराइज्ड लाइटमध्ये (एकाच दिशेने कंप पावणाऱ्या प्रकाशात) लाल म्हणजे टाइप १ कोलॅजेन आणि हिरवं म्हणजे टाइप ३, हे कोलॅजेनचे दोन प्रकार. हे असं सरळ नाहीये. तो रंग धाग्याची जाडी, धागे किती घट्ट बसलेत आणि सेक्शन किती जाड आहे यावर ठरतो, त्यामुळे टाइप १ चे बारीक धागेही हिरवे दिसू शकतात. शिवाय साध्या पोलरायझरमध्ये (असा प्रकाश तयार करणारा फिल्टर) त्याच्या दिशेला समांतर असलेला धागा काळा पडतो, मायक्रोस्कोपची स्टेज (स्लाइड ठेवायची जागा) ४५ अंश फिरवली की तोच झगझगीत दिसतो, मी हे रोज बघते आणि तरी दर वेळी थांबून बघावंसं वाटतं. टाइपच ओळखायचा असेल तर ठरावीक प्रोटीनलाच चिकटणारी अँटिबॉडी वापरून तपासणी, म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री करावी. आणि एकूण किती कोलॅजेन आहे हे हवं असेल तर हायड्रॉक्सीप्रोलिन (कोलॅजेनमधलं एक अमिनो ॲसिड) मोजतात, ते कोलॅजेनच्या वजनाच्या साधारण १३-१४ टक्के असतं, फक्त त्यात नमुना पूर्ण विरघळवावा लागतो म्हणून कोलॅजेन कुठे होतं ते कळत नाही. इमेज ॲनालिसिसची खरी ताकद तिथे आहे, जागा आणि रचना दाखवण्यात.

आता हे सगळं पेपरला का सांगतेय, तर क्रीम, पावडर, लेझर यांच्या बातम्यांत आणि जाहिरातींत "कोलॅजेन ५० टक्के वाढलं" असं येतं आणि लोक त्यावर पैसे घालतात. स्लाइडवरचा भाग २० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर गेला तरी ५० टक्के वाढ म्हणता येते आणि १० पॉइंट वाढले असंही म्हणता येतं, दोन्ही खरंच, पण वाचणाऱ्याच्या मनात चित्र वेगळं उभं राहतं. म्हणून विनंती आहे की असा आकडा छापताना स्टेन कोणता, किती लोकांचे नमुने, त्वचेचा कुठला भाग, आधीच्या आणि नंतरच्या स्लाइड एकत्र स्टेन केल्या का, आणि मोजणाऱ्याला ग्रुप माहीत होता का, एवढं तरी विचारा आणि दोन ओळीत द्या. उत्तर मिळालं नाही तर तसंही छापा, आणि दोन वेगळ्या लॅबचे आकडे शेजारी ठेवून कुठलं प्रॉडक्ट भारी ते कृपया ठरवू नका.

आपली,
एक लॅब टेक्निशियन