काकूंचा हात

मिरज,
१८ जानेवारी २०२५

प्रिय विश्वास यास सप्रेम नमस्कार.

दहा महिने मी तुला पत्र लिहिले नाही, फोनही केला नाही, आणि तुझे दोन फोन आले तेव्हा घरात असूनही ‘बाहेर गेलेत म्हणून सांग’ असे मी सुमतीला सांगितले. त्याबद्दल तुझी क्षमा मागायची आहे. पण हे पत्र आताच लिहायला बसलो त्याचे कारण निराळे आहे. या सोमवारी, भोगीच्या दिवशी, बाजरीची भाकरी खाऊन झाल्यावर मी ताट पुढे सरकवले. बोटे वर उचललेली आणि जोर मनगटाच्या कडेचा. सरकवताना माझे माझ्याच हाताकडे लक्ष गेले आणि तो हात मी ओळखला. तो काकूंचा, तुझ्या आईचा, हात होता, विश्वास. घरात कोणाच्या ते ध्यानात आले नाही, आणि येणार तरी कसे? काकूंना तसे ताट सरकवताना पाहिलेले आता तू आणि मी एवढेच उरलो आहोत.

मार्चमधले आपले भांडण तू विसरला नसशील. रविवारी रात्री संधिवातावरच्या मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या घेतल्या की माझा सबंध सोमवार मळमळीत जायचा. त्यातच तेच औषध मोठ्या मात्रेत कर्करोगावर देतात असे कोणीतरी सांगितले आणि मी धास्तावलो. ‘डॉक्टरांशी बोल, मात्रा कमी करतील, औषध बदलतील, पण आपल्या मनाने सोडू नकोस,’ असे तू म्हणालास, आणि शेवटी म्हणालास, ‘आईचे हात विसरलास का?’ त्यावर ‘तुझी आई माझीही आई होती, मला शिकवू नकोस’ असे बोलून मी फोन ठेवला. दुसऱ्याच आठवड्यात गोळ्या बंद केल्या. तुला न सांगता, सुमतीला न सांगता आणि डॉक्टरबाईंनाही न सांगता.

एका ओळखीच्या माणसाने एका वैद्याचे नाव सुचवले होते. त्याच्याकडून मी करड्या रंगाच्या पुड्या आणल्या. सकाळ-संध्याकाळ मधातून घ्यायच्या, सगळे शुद्ध वनस्पतीचे आहे आणि कसलाही अपाय नाही, असे त्याने सांगितले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तो सरळ न्हाणीघरात जाऊन तांब्या एका हाताने उचलला. दोन वर्षे सकाळचा पहिला दीड तास बोटे लाकडासारखी असायची, चहाचा पेला दोन्ही तळव्यांत धरावा लागायचा, आणि त्या दिवशी शर्टाची सगळी बटणे मी स्वतः लावली. मला रडू आले. त्या दिवशी तुला फोन करून ‘बघ, तू चुकलास’ असे सांगावेसे वाटले होते. केला नाही तेच बरे झाले.

सात महिन्यांनी चेहरा वाटोळा झाला, पायाला सूज आली आणि साखर वाढली. शेवटी सुमतीनेच मला डॉक्टरबाईंकडे ओढून नेले. पुडी हातात घेऊन त्यांनी एवढेच विचारले, ‘गुण किती दिवसांत आला?’ मी तीन दिवस म्हटले. संधिवातावर तीन दिवसांत असा गुण देणारी वनस्पती आपल्याला माहीत नाही, स्टेरॉइड मात्र माहीत आहे, असे त्या म्हणाल्या. मग त्यांनी सकाळच्या रक्तातले कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवते ते स्टेरॉइड, तपासून घेतले आणि ते फारच कमी निघाले. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिले की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी आपले काम थांबवतात, म्हणून त्या पुड्या एकदम सोडणेही जिवावर बेतले असते. त्यांच्याऐवजी मोजून स्टेरॉइड देऊन ते आठवड्यागणिक उतरवावे लागले. १९४८ मध्ये अमेरिकेत फिलिप हेंच यांनी या आजाराच्या एका रुग्ण बाईला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिले आणि अंथरुणाला खिळलेली ती बाई काही दिवसांत चालू लागली, हे त्यांनीच मला सांगितले. हेंच यांना १९५० मध्ये नोबेल मिळाले आणि दुष्परिणामांचा हिशेब मागाहून लागत गेला. मला मिळाला तो चमत्कार तेवढा जुना होता, फक्त कोणी तो पुडीत बांधून दिला होता.

आता मनात सलते ते सांगतो. २०२२ च्या एक्स-रेमध्ये माझी हाडे स्वच्छ होती. ऑक्टोबरच्या एक्स-रेमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांच्या मुळाशी हाडाची कड उंदराने कुरतडावी तशी दिसते. ती झीज भरून येत नाही. ती त्या सात महिन्यांतच झाली की आधीपासून आत चालली होती, हे डॉक्टरबाईंनाही नक्की सांगता येत नाही, आणि रात्री जाग आली की मी तेच उलटसुलट करत बसतो. काकूंच्या काळी या आजारावर मेथोट्रेक्सेट सर्रास देत नसत. त्यांना सोन्याची इंजेक्शने तेवढी मिळाली, आणि नाना म्हणायचे, ‘हिच्या अंगावर घालायला जमले नाही, म्हणून अंगात घालतोय.’ त्यावर सगळ्यांत आधी हसायच्या त्या काकूच. त्यांना जे मिळाले नाही ते माझ्या कपाटात होते आणि मी ते बंद करून ठेवले.

मेथोट्रेक्सेट पुन्हा सुरू आहे. आठवड्यातून एकदाच, रविवारी. सुमती कॅलेंडरवर लाल गोल करते, कारण ते चुकून रोज घेतले तर जीव जाऊ शकतो. दुसऱ्या दिवशी फॉलिक ॲसिड असते, आणि या खेपेला मळमळीचे मी पहिल्याच महिन्यात सांगितल्यामुळे मात्रा हळूहळू वाढवली, त्यामुळे सोमवार सुसह्य आहे. जोडीला हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आहे, त्यासाठी वर्षातून एकदा डोळे दाखवायचे. यकृताची आणि रक्ताची तपासणी दर महिन्याला होते.

आणि हो, मी वैद्यांकडेही जातो. रागावू नकोस, आधी ऐक. सांगलीचे हे वैद्य रीतसर शिकलेले आहेत आणि पहिल्याच भेटीत ‘तुमची गोळी बंद करायला मी सांगणार नाही’ असे ते म्हणाले. सुजलेल्या सांध्याला तेल चोळायचे नाही, हेही त्यांनीच सांगितले. आमवातात, म्हणजे माझ्या या संधिवातात, कोरडा शेक हवा, म्हणून सुमती तव्यावर वाळू तापवून तिची पुरचुंडी बांधून देते. त्या उबेत पहाटे बोटे जरा लवकर सुटतात, यापेक्षा मोठा दावा मी करत नाही. त्यांचा रास्नासप्तक काढा आणि रात्रीचे चमचाभर एरंडेल डॉक्टरबाईंना दाखवून मगच सुरू केले. धातूचे भस्म असलेले काहीही मी घेत नाही, कारण इंटरनेटवरून विकत घेतलेल्या आयुर्वेदिक औषधांपैकी सुमारे पाचव्या हिश्शात शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे २००८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले होते. तू जन्मभर विम्यात काढलास, तुला आकड्यांवाचून पटत नाही, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. कोइमतूरला ४३ रुग्णांवर ३६ आठवडे आयुर्वेद, मेथोट्रेक्सेट आणि दोन्ही मिळून अशी तुलना झाली, आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तिन्ही गटांना साधारण सारखाच गुण दिसला. ४३ माणसे म्हणजे फार थोडी, हे तू म्हणशीलच आणि ते मला मान्य आहे. पण तिथल्या वैद्यांनी मोजमापाला नकार दिला नव्हता, आणि माझ्या पुडीवाल्याने पुडीत काय आहे तेसुद्धा मला सांगितले नाही. माझा राग आयुर्वेदावर नाही, त्या लपवण्यावर आहे. आणि मीही तेच केले, तुझ्यापासून.

वहिनींचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले का? मीराचे दिवस फेब्रुवारीत भरतात ना, की मार्चमध्ये? नाशिकच्या घराचे काय ठरले ते कळव. माझे बाकी ठीक आहे, साखर उतरली आहे.

हे पत्र मी तीन दिवस लिहितो आहे, रोज साडेदहानंतर, बोटे सैल झाली की. पेन बारीक पडते म्हणून त्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला आहे. नानांनी काकूंच्या चमच्याला गुंडाळला होता तसाच. तो चमचा अजून तुमच्याकडे असेल, तर येशील तेव्हा घेऊन ये.

तुझा,
श्रीधर