धुळ्याच्या नानांना, आठ अडलेल्या मशीनांकडून

आदरणीय नाना,

सादर नमस्कार.

आपले नाव कुठेही यायला नको, ही आपली अट पाळून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. फोनवर आभार मानायला गेले की आपण "ते राहू द्या, यंदा केळीचं कसं आहे?" असे विचारून विषय बदलता. पत्राला निदान मध्येच तोडता येत नाही.

आपल्याला सारे ठाऊक आहे, तरी इतर वाचणाऱ्यांसाठी थोडे सांगते. सातपुडा आणि तापी यांच्या मधल्या चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यात जमिनीखालचे पाणी कसे सरकते आणि किती उपसले की किती खोल जाते, याचे गणित मी पीएच.डी.साठी मांडत आहे. एका मशीनवर असा एक हिशेब पुरा व्हायला चार दिवस लागत, आणि मे महिन्यात आमच्याकडे वीज सलग चार दिवस टिकेल याची हमी कुणी देत नाही. म्हणून प्रयोगशाळेतली आठ जुनी मशीन जोडून एक क्लस्टर तयार केला, प्रदेशाचे आठ पट्टे पाडले आणि प्रत्येक मशीनकडे एकेक पट्टा सोपवला. शेजाऱ्याच्या शेतात बांधालगत पाणी किती आहे हे कळल्याशिवाय आपल्या शेताचा हिशेब पुढे सरकत नाही. त्यामुळे प्रत्येक पायरीला ही मशीन आपापल्या कडेचे आकडे एमपीआय या मशीनांनी आपसांत निरोप धाडण्याच्या ठरलेल्या पद्धतीने एकमेकांना कळवतात, आणि एकाने जरी उत्तर दिले नाही तरी हळूहळू बाकीची सातही ताटकळतात.

ती ताटकळली, पण तसे दिसले मात्र नाही. आठही प्रोसेसर शंभर टक्के कामात असल्याचे पडद्यावर दिसत होते, पंखे गरगरत होते, कूलर लावूनही खोली तापली होती. निरोपाची वाट पाहणारा प्रोग्राम स्वस्थ बसत नाही, "आला का, आला का" म्हणून सतत दारात डोकावत राहतो आणि त्या डोकावण्यातच सारी ताकद घालवतो, हे तेव्हा मला माहीत नव्हते. दोन रात्री आणि एक दिवस मी समाधानात काढला. मग आउटपुटची फाइल उघडली, तर तिच्यात पहिल्या पायरीचीसुद्धा ओळ नव्हती.

पुढचे सात आठवडे मी दारोदार फिरले. मशीन पुरवणाऱ्यांनी "सगळं फॉरमॅट करून बघा" असे सांगितले. ते दोनदा केले, आणि दोन्ही वेळा एकाच तयार प्रतीवरून सगळे पुन्हा बसवल्यामुळे दोषही इमानाने परत आला. एका मोठ्या संस्थेतल्या तज्ज्ञांनी माझा कोड उघडूनही न पाहता "कोडमध्येच गडबड असणार" असा निकाल दिला. हाच कोड एका मशीनवर बिनतक्रार चालतो, हे सांगायला मी तोंड उघडले तोवर त्यांची पुढची बैठक सुरू झाली होती. तिसऱ्यांनी तर असल्या भंगारावर समांतर गणन, म्हणजे एकच हिशेब अनेक प्रोसेसरांत वाटून एकाच वेळी करणे, होत नसते असे सांगून नव्या सर्व्हरचे कोटेशनच पाठवले. १९९४ साली नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी बाजारात मिळणाऱ्या साध्या सुट्या भागांतून १६ प्रोसेसरांचा बिओवुल्फ क्लस्टर उभा केला होता, आणि त्या प्रोसेसरांपुढे आमचे भंगार म्हणजे ऐरावत आहे. हे मी त्या गृहस्थांना ऐकवले नाही. ऐकवायला हवे होते.

अशा वेळी माझ्या एका विद्यार्थिनीने "मॅडम, आमच्या नानांना विचारू का?" असे म्हटले, तेव्हा मी केवळ तिचे मन मोडू नये म्हणून हो म्हणाले, हे आज कबूल करते.

आपण पहिल्या फोनवर कोणताही सल्ला दिला नाहीत. आठ मशीनांवर काय काय बसवले आहे त्याची यादी तेवढी मागितलीत, नको वाटणाऱ्या गोष्टींसकट सगळी. मी पाठवली आणि विसरून गेले, कारण याद्या मागणारे आधीही भेटले होते. तिसऱ्या रात्री पावणेबाराला फोनवर एक फोटो आला. जुन्या लाकडी टेबलावर दोन मशीन, त्यांतले एक पिठाच्या पत्र्याच्या डब्यावर टेकवलेले. कडेला स्टीलचा पेला, त्यातल्या चहावर साय धरलेली. आणि पडद्यावर, माझ्या पडद्यासारखाच, एका रिकाम्या ओळीवर थांबलेला कर्सर. खाली आपण लिहिले होते: "ताई, मन्हा बी अडकना."

आमच्या घरी लेवा बोली बोलतात, अहिराणी नाही. तरी "माझाही अडकला" एवढेच सांगणाऱ्या या शब्दांनी मला रडू आले. आपल्याकडचा प्रोग्राम तर पहिल्या दिवसापासून नीट चालत होता. आपण माझी यादी पुढे ठेवून तिच्यातली एकेक गोष्ट स्वतःच्या चालत्या मशीनांवर चढवत गेलात, प्रत्येक वेळी चालवून पाहत गेलात आणि तो बंद पडेपर्यंत थांबला नाहीत. माझी अडचण दुरून ऐकून उपाय सुचवणारे पुष्कळ होते. माझ्याइतकेच अडकून पाहण्यासाठी आपले चालते बिघडवणारे आपण पहिले. सात आठवडे मला वाटत होते की दोष कदाचित माझ्यातच आहे. तो फोटो पाहिल्यावर ते वाटणे थांबले, आणि दोष सापडायला अजून सकाळ उजाडायची होती.

तो दोष निघालाही किती साधा! विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकांसाठी आठही मशीनांवर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एका मशीनच्या पोटात दुसरे आभासी मशीन, चालवण्याची सोय केलेली होती. ही सोय प्रत्येक ठिकाणी आपले एक आभासी नेटवर्क उभे करते आणि मशीनला त्यावर सगळीकडे एकच पत्ता देते, १९२.१६८.१२२.१. एमपीआयला तोही खराच पत्ता वाटला. परिणामी तिसऱ्या मशीनने चौथ्यासाठी त्या पत्त्यावर धाडलेला निरोप तिसऱ्याच्याच उंबऱ्यात येऊन पडे. आठ घरांच्या दारांवर एकच घर नंबर रंगवला तर पोस्टमनने काय करावे? नुसते आपापले नाव छापायला सांगितले की आठही मशीन झटकन नावे सांगत, कारण त्यासाठी आपसांत बोलावे लागत नाही. याच गोष्टीने मला इतके दिवस चकवले होते. बोलणे फक्त खऱ्या नेटवर्कवरूनच करावे, असे बजावणारी एक ओळ आपण सांगितलीत, आणि काम झाले.

खानदेशात एखाद्याची मोटर विहिरीत अडकली तर चार जण आपली कामे टाकून दोर धरायला येतात आणि नंतर त्याची वाच्यताही करत नाहीत. संगणकाच्या क्षेत्रात हा गुण उरला नाही, असे माझे ठाम मत होऊन बसले होते. ज्याला जास्त कळते त्याने समोरच्याला थोडे कमी लेखावे, अशीच तिथली रीत मी पाहत आले होते. आपल्याला माझ्यापेक्षा शंभरपट अधिक कळते आणि तरीही त्या तीन दिवसांत आपण एकदाही "एवढंही माहीत नाही?" असे म्हटले नाहीत. मोबदल्याचा विषय काढला तेव्हा आपण "अडकलेल्या वेळचा लॉग जपून ठेवा, दुसऱ्या कुणाला लागेल" एवढेच म्हणालात. तो लॉग, म्हणजे मशीनने स्वतः लिहिलेली नोंद, जपला आहे.

आता चार दिवसांचा हिशेब एकोणीस तासांत होतो. आठ मशीन म्हणजे आठपट वेग नव्हे, हे आपण आधीच बजावले होते, आणि संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅम्डाल यांनी १९६७ मध्येच ते मांडून ठेवले आहे. त्यामुळे माझी निराशा झाली नाही. रावेरकडच्या पट्ट्यांचे आकडे काल रात्री आले. ते तपासून झाले की पहिली प्रत आपल्याकडे पाठवीन.

आपली कृतज्ञ,
यावल तालुक्यातील एक प्राध्यापिका

ता. क. आपल्या भाचीकडून कळले की पिठाच्या डब्यावरचे मशीन अजून तसेच अडकलेल्या अवस्थेत चालू आहे. नाना, आता ते बंद करावे, आणि डबा वहिनींना परत द्यावा.