पुस्तक मिटल्यावर

सदाशिव पेठ, पुणे

चि. निखिल यास अनेक उत्तम आशीर्वाद.

शवविच्छेदनात तुझा हात चांगला बसला आहे, परंतु चार-चार वेळा वाचलेली नसांची नावे तोंडी परीक्षेत आठवत नाहीत, आणि त्यावरून आपली स्मरणशक्तीच कमी आहे असे तू ठरवून टाकले आहेस. हा निष्कर्ष मला मान्य नाही.

हाताची आठवण आणि नावांची आठवण मेंदू एकाच ठिकाणी ठेवत नाही. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाच्या मेंदूवर अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली आणि दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी घडवणाऱ्या भागाचा, मोठा हिस्सा काढला गेला. त्यानंतर नवे प्रसंग आणि नव्या व्यक्ती त्याच्या लक्षात राहीनाशा झाल्या. तरीही मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला दिली, तेव्हा त्याचा हात दिवसागणिक सुधारत गेला. मात्र हे काम आपण पूर्वी केले आहे, याची त्याला दरवेळी काहीच आठवण नसे. तेव्हा तुझा हात पुढे गेला आणि नावे मागे राहिली, यात नवल नाही.

नावे मागे राहण्याचे कारण तुझ्या वाचण्याच्या पद्धतीत आहे, असे मला वाटते. मजकूर पुन्हा वाचताना तो ओळखीचा वाटतो आणि आपल्याला तो येतो असा भास होतो. परंतु समोर असलेले ओळखणे आणि समोर नसलेले आठवून काढणे ही दोन निराळी कामे आहेत, आणि परीक्षक तुला दुसरे काम सांगतो. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते (८१ विरुद्ध ७५ टक्के), पण आठवड्यानंतर त्यांना ४२ टक्केच आठवले आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. आपल्या पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची मुले पानेच्या पाने पिवळी करत बसलेली दिसतात, तेव्हा मला हे आकडे आठवतात.

वेदपाठशाळेतली मुले घनपाठ म्हणतात, त्यात पहिले-दुसरे, दुसरे-पहिले, मग पहिले-दुसरे-तिसरे, तिसरे-दुसरे-पहिले आणि पुन्हा सरळ, अशी पदे फिरवतात. ग्रंथ समोर न ठेवता क्रम उलटा-सुलटा करायचा, म्हणजे प्रत्येक पद आठवूनच काढावे लागते. अर्थ कळणे ही अर्थातच वेगळी बाब आहे, आणि तुझ्या विषयात अर्थावाचून पाठांतर फार पुढे जाणार नाही.

हे सारे एका रात्रीत उरकू नकोस. एरिक कँडेल यांनी समुद्री गोगलगायीवर केलेल्या कामातून (त्यासाठी त्यांना २००० सालचे नोबेल मिळाले) असे दिसले, की तात्पुरत्या आठवणीत चेतापेशींमधले असलेलेच दुवे काही काळ बळकट होतात, तर टिकाऊ आठवणीसाठी नवी प्रथिने तयार होऊन नवे दुवे वाढावे लागतात. त्या वाढीला वेळ लागतो. म्हणून तेवढाच अभ्यास काही दिवसांवर विभागला तर अधिक टिकतो. झोपेतही हे काम थांबत नाही: दिवसा विशिष्ट जागी फिरताना उंदराच्या हिप्पोकॅम्पसमधल्या ज्या पेशी एकत्र चेतवल्या जातात, त्या नंतरच्या झोपेत पुन्हा एकत्र चेतवल्या जाताना आढळल्या आहेत. परीक्षेच्या आदल्या रात्रीची जागरणे मला पसंत नाहीत, ती केवळ आईच्या काळजीपोटी नव्हे.

रविवारी फोन करशील तेव्हा ब्रॅकियल प्लेक्सस, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या नसांचे ते जाळे, मुळांपासून शाखांपर्यंत मला वही मिटून सांग. मला त्यातले काही कळत नाही. म्हणून त्या पानाचा फोटो आधी पाठव, म्हणजे कुठे अडलास ते मला ताडून पाहता येईल. बुधवारी पुन्हा विचारीन, आणि त्या वेळी शाखांपासून उलटे मुळांकडे यायचे.

तुझी,
आई