आबा, दोर तुमच्याकडे

जळगाव

ती. आबा आणि आई, साष्टांग नमस्कार.

दादाने तुम्हा दोघांना युरोपात बोटीने फिरवायचा बेत सांगितला तेव्हा आई "पानीमा कसाले जावानं?" एवढंच म्हणाली आणि फोन ठेवून दिला. आबांना फोनवर धड ऐकू येत नाही, दादाला दोनदा सांगायचा धीर नाही. म्हणून मीच लिहिते.

फ्रान्समध्ये गोंद्रक्सांज गावाजवळ मोठा तलाव आहे. तिथून १८६६ साली कोळसा वाहायला सुरू झालेला ६३ किलोमीटरचा कालवा निघतो आणि सारगमिनला झार नदीत उतरतो. तिथून जर्मनी लागलीच. पुढे नदी दादाच्या झारब्रुकेन शहरावरून, मग डोंगराला भलंमोठं वळण घालून, द्राक्षमळ्यांच्या उतारांमधून कोन्त्सला मोझेल नदीला मिळते. तिथून मोझेलवर उलट्या प्रवाहाने चाळीसेक किलोमीटर गेलं की लक्झेंबर्गचं शेंगेन गाव. दादाचं म्हणणं, तसंच पुढे मेत्स, नान्सी करत गोल फिरून पुन्हा कालव्यावर यायचं. मी त्याला साफ सांगितलं, शेंगेनला उतरायचं आणि रेल्वेने परत. पुढचा बराच टापू कारखान्यांचा. आईच्या गुडघ्यांना तेवढ्यासाठी कशाला त्रास?

आबा, तुम्हाला मात्र त्या कालव्यासाठी न्यायचंय. तो उतरतो पायरी पायरीने. प्रत्येक पायरीला दगडी हौद, दोन्ही टोकांना दारं, त्याला लॉक म्हणतात. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं आणि पुढच्या झडपा उघडायच्या. हौदातलं पाणी खाली जातं, त्याबरोबर बोटही. खालच्या पाण्याशी बरोबरी झाली की पुढचं दार उघडतं. ना पंप, ना इंजिन, नुसता उतार. एका वेळेला पाच लाख लिटरच्या आसपास पाणी खाली जातं, म्हणून कडक उन्हाळ्यात वरचे तलाव आटले की बोटींना थांबवून ठेवतात. आपल्या फडावर, म्हणजे बंधाऱ्याखालच्या सगळ्यांच्या शेतांना, पांझरा नदीचं पाणी पाळीने सोडताना तुम्ही पाटकरी म्हणून लोकांच्या शिव्या खाल्ल्यात. तिथल्या पाटकऱ्यालाही तेच ऐकावं लागत असणार.

दोर धरायचं काम तुमचं. काठावरच्या खुंट्याला एक वेढा द्यायचा, पण गाठ मारायची नाही. पाणी उतरेल तसा हाताने सैल सोडत जायचा. गाठ मारली तर बोट तिथेच लटकते. दादाने परवाना काढलाय, त्यासाठी पाण्यावरच्या पाट्या आणि नियमांची परीक्षाही दिली, पण दोर त्याच्या हाती द्यायची माझी तयारी नाही.

आई, कालव्यात बोट तासाला सहा-आठ किलोमीटर जाते. काठाने कुणी सायकलवर निघालं तर आपल्याला मागे टाकेल. तुला लाइफ जॅकेट मिळेल, आत संडास आहे, गॅसची शेगडी आहे. रात्री बोट काठाला बांधूनच झोपायचं. बिबडे, कळण्याचं पीठ, काळा मसाला घे. तूप मात्र नेता येणार नाही. बाहेरून येणाऱ्यांना दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ तिकडे आणू देत नाहीत. चोरून बॅगेत घालू नकोस, मला तुझा स्वभाव माहीत आहे.

व्हिसा एकच लागतो, तिन्ही देशांना चालतो. या देशांनी आपसातल्या हद्दी खुल्या करायचा करार १४ जून १९८५ रोजी या शेंगेनलाच, मोझेलमधल्या एका बोटीवर झाला. आणि आबा, जर्मनी आणि लक्झेंबर्गमध्ये ही नदी अर्धी-अर्धी वाटलेली नाही. या काठापासून त्या काठापर्यंत सगळी दोघांची, १८१६ च्या तहापासून. आपल्याकडे बांधाच्या हातभर जागेवरून कोर्टात गेलेली माणसं तुम्ही ओळखता. त्यांना हे पटायचं नाही.

मेच्या सुरुवातीला निघू. इकडे ऊन पंचेचाळीसला टेकलेलं असेल, तिकडे स्वेटर लागेल. कपाशीची काळजी करू नका, मृगाच्या आत तुम्हाला घरी सोडते. ठिबकच्या नळ्या एप्रिलमध्येच तपासून घ्या, म्हणजे आल्यावर धावपळ नको. व्हिसासाठी तीस हजार युरोचा प्रवासविमा लागतो, तो मी काढते.

आईच्या पासपोर्टवर माहेरचं नाव आहे की सासरचं, ते पाहून कळवा. आणि आबांनी कानाचं मशीन घालून दादाला एकदा फोन करावा. त्याला वाटतंय तुम्ही रागावलात.

तुमची,
बेबी