पाचवा फाउल आणि रेफ्रीला शिव्या

संपादक साहेब, नमस्कार. परवा रत्नागिरीत पोरीची बास्केटबॉल मॅच बघायला गेलो तर मागचे काका सारखे रेफ्रीवर बोंबलत होते, शॉट मारलाच नाय मग फ्री थ्रो (कोणी न अडवता बास्केटवर मारायचे थ्रो) कसले देतोस म्हणून. अहो, फिबाच्या (बास्केटबॉलची जागतिक संघटना) नियमात एका क्वार्टरला टीमचे ४ फाउल झाले की पाचव्यापासून शॉट मारत नसलेल्याला साधा फाउल केलात तरी समोरच्याला २ फ्री थ्रो, फक्त बॉल तुमच्याच टीमकडे असताना फाउल झाला तर नाय. नवीन क्वार्टरला मोजणी शून्यावर येते पण एक्स्ट्रा टाइममध्ये चौथ्या क्वार्टरचेच फाउल पुढे चालू, इथेच सगळे फसतात (मी पण फसलेलो). पेपरात स्कोअरसोबत टीम फाउल पण छापा की.

– एक बाप, रत्नागिरी